पंचगंगेची पातळी सगळ्यांना कळते, मग गावाची आकडेवारी का कळत नाही?

पावसाळ्यात कोल्हापुरात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे शाळकरी पोरांपासून भाजी विकणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की सुतारवाड्यातली माणसं सामान बांधतात, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत जनावरं हलवायचं बोलणं निघतं. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि किती बंधारे पाण्याखाली गेले, याची चौकशी सुरू होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलं, तेव्हा हा आकडा लोक रात्रभर जागून एकमेकांना कळवत होते.

आता दुसरा आकडा घ्या. आपल्या तालुक्यात किती मुली दहावीच्या आत शाळा सोडतात? गावातल्या किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे? किती घरांतला कमावता माणूस बाहेरगावी आहे? यातली बरीच माहिती कुणी ना कुणी गोळा केलेली असते. सरकारी पाहण्या होतात, शिवाजी विद्यापीठात प्रबंध लिहिले जातात, सामाजिक संस्था घरोघर फिरून प्रश्नावल्या भरून घेतात. तरीही ज्या गावातून माहिती गेली त्या गावाला तिचं पुढं काय झालं हे कळत नाही. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर निर्णय व्हायचा, त्याच्याकडेही ती त्याला वापरता येईल अशा रूपात पोचत नाही.

दोष आकड्यांचा नाही आणि लोकांचाही नाही. पंचगंगेच्या पातळीला चार गोष्टी मिळाल्या आहेत. मोजायची जागा ठरलेली आहे, त्यामुळे आजचं पाणी कालच्याशी आणि २००५ च्या पुराशी ताडून बघता येतं. त्या आकड्याला एक रेघ आहे, ती ओलांडली की गोष्ट गंभीर झाली हे सांगावं लागत नाही. रेघ ओलांडल्यावर कुणी काय करायचं हे ठरलेलं आहे. आणि आकडा वेळेत येतो. समाजाविषयीच्या बहुतेक आकडेवारीला या चारांपैकी एखादीच गोष्ट लाभते. उरलेल्या तीन कशा मिळवून द्यायच्या, हेच या लेखात सांगायचं आहे.

आकडे आपल्याला न विचारताही आपलं ठरवत असतात

"आम्हाला काय करायचेत आकडे?" असं वाटणाऱ्यांसाठी आधी एक उदाहरण. रेशन दुकानात नवीन नाव घालायला गेलं की "इष्टांक संपलाय", म्हणजे ठरवून दिलेला कोटा भरलाय, असं उत्तर मिळतं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोचवायचं, असं देशपातळीवर त्यात धरलं आहे. त्यावरून राज्याचा आणि पुढं जिल्ह्याचा कोटा ठरला. हा कोटा काढला २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे लोकसंख्या वाढली तरी कोटा जुन्याच मापाचा राहिला. आज लग्न होऊन आलेली सून किंवा पाच वर्षांचं पोर रेशनकार्डावर येण्यासाठी अडतं, त्यामागे दुकानदाराची मर्जी कधी असेल, कधी नसेल, पण एक जुना आकडा नक्की असतो. हे ज्याला कळतं तो योग्य दाराशी जाऊन योग्य प्रश्न विचारतो. ज्याला कळत नाही तो दुकानदाराशी भांडून घरी येतो.

कोल्हापूरचंच एक जुनं उदाहरण

आकडेवारी आणि धोरण यांची गाठ कशी मारायची, याचा उत्तम नमुना आपल्याच मातीत आहे, आणि तो सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा आरक्षणाचा आदेश सगळ्यांना माहीत असतो. त्यातली एक बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही.

महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतर फक्त १० होते, असं नोंदलेलं आहे. अन्याय होतो आहे हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि "पाचशेपैकी दहा" असं मांडणं वेगळं. असा आकडा समोर आला की वाद "अन्याय होतो की नाही" यावर अडकून पडत नाही, "किती दुरुस्त करायचं आणि कधीपर्यंत" इथं सरकतो.

आता आदेशाची रचना बघा. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, हे त्यात सांगितलं: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. रेघ आखून दिली: मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के. पुढची कृती सांगितली: ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे तिथं पुढची नेमणूक याच वर्गातल्या माणसाची करायची. आणि शेवटी खातेप्रमुखांवर बंधन घातलं, की झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला सादर करायचा.

हे शेवटचं कलम मला फार मोलाचं वाटतं. हुकूम काढून महाराज थांबले नाहीत, हुकमाचं काय झालं ते दर तीन महिन्यांनी मोजून मागितलं. १९१२ पर्यंत सर्वसाधारण प्रशासनातल्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांच्या जागा ३५ वर आल्या होत्या. आजही एखादं धोरण वाचताना हे चार प्रश्न लावून बघावेत: कुणाला मोजायचं ते स्पष्ट आहे का, रेघ आहे का, रेघेखाली असेल तर काय करायचं ते लिहिलंय का, आणि पुन्हा कधी मोजणार? पुष्कळ सरकारी निर्णय चौथ्या प्रश्नाशी येऊन गप्प होतात.

८३९: एका आकड्याचा प्रवास

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १००० मुलांमागे ८३९ मुली निघाल्या. राज्याचा आकडा ९१३ होता. इथं रेघ निसर्गानंच आखून दिलेली आहे: १००० मुलगे जन्मले तर साधारण ९५० मुली जन्मतात. ८३९ म्हणजे हजारामागे शंभराहून अधिक मुली कमी. ऊस, दूध, सहकार, शाळा-कॉलेजं असं सगळं असलेल्या जिल्ह्याचा हा आकडा राज्यातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी होता. तो प्रसिद्ध झाला आणि जिल्ह्याला झोंबला. झोंबायलाच हवा होता.

पण झोंबण्यातून धोरण होत नाही. "मुलगी वाचवा"च्या फेऱ्या निघतात, भिंती रंगतात आणि पुढचं वर्ष येतं. हालचाल झाली ती "मुली कमी" या आकड्यापासून "गर्भलिंगनिदान कुठं होतं, त्याची नोंद कुठं असते" या प्रश्नापर्यंत कुणीतरी गेलं तेव्हा. गर्भवतीची सोनोग्राफी केली की डॉक्टरनं ‘एफ फॉर्म’ भरायचा असतो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखालचे हे कागद भरले जायचे आणि गठ्ठ्यात पडून राहायचे. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना कोल्हापुरात हे फॉर्म ऑनलाइन भरायची पद्धत आणली गेली आणि सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारं उपकरण जोडायचे आदेश निघाले. आता कोणत्या केंद्रात किती तपासण्या झाल्या, किती फॉर्म आले, कुठं तफावत आहे, हे प्रशासनाला लगेच दिसू लागलं. जनगणनेचा आकडा दहा वर्षांनी एकदा येतो, हा रोज येत होता. बंधाऱ्यावरच्या पातळीसारखंच झालं हे: जागा ठरलेली, आकडा ताजा, आणि तफावत दिसली की तपासणीला जायचं हेही ठरलेलं.

रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं याला न्यायालयात आव्हान दिलं. बायकांच्या खासगीपणाचा मुद्दा त्यात होता. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्ये याचिका फेटाळली. मला स्वतःला निकाल योग्य वाटतो, पण मुद्दा उपस्थित झाला हेही चांगलं झालं. गर्भवतीची माहिती ही कुणाच्याही हातात पडायची गोष्ट नाही, आणि असा डेटा साठवताना ती कुणाला दिसणार याचं उत्तर आधी तयार असलं पाहिजे.

पुढं २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचं प्रमाण ८६३ वर आलं. त्याच काळात राज्याचं ९१३ वरून ८९४ वर घसरलं. आता इथं हात आखडता घेऊन विचार करायला हवा. भाषणांत सर्रास सांगितलं जातं की यंत्रावरच्या उपकरणानं मुली वाढल्या. पण हिशेब करा. फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये शून्य ते सहा वयाची असलेली मुलं जन्मली २००४ ते २०११ च्या सुरुवातीपर्यंत. उपकरणासंबंधीचे जे आदेश न्यायालयात गेले ते जानेवारी आणि मार्च २०११ चे. मोहीम थोडी आधी सुरू झाली असली तरी या मुलांपैकी बहुतेक त्याआधीच जन्मलेली होती. म्हणजे ८३९ ते ८६३ या वाढीचं मोठं श्रेय दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागेल: आधीच्या जागृतीला, आधीच्या कारवायांना, बदलत्या मनांना. मोहीम वाईट होती असा याचा अर्थ नाही. तिचा परिणाम या आकड्यात शोधता येत नाही, एवढंच. तो शोधायचा तर नंतरच्या जन्मनोंदणीत शोधावा लागेल, आणि शेजारच्या, उपकरण नसलेल्या जिल्ह्यांशी ताडून बघावा लागेल.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की आकडेवारी लोकांपर्यंत नेणाऱ्यांवर सगळ्यात मोठा मोह असतो तो गोड गोष्ट सांगायचा. "हे केलं म्हणून ते झालं" हे वाक्य उच्चारण्याआधी तारखा जुळवून बघितल्या, तर अर्धी चुकीची धोरणं टळतील. एका जिल्ह्यात सिद्ध न झालेल्या कारणावरून दुसऱ्या पंचवीस जिल्ह्यांत पैसे खर्च होतात, तेव्हा ते पैसे खऱ्या कारणावर खर्च झालेले नसतात.

छोट्या गावाचा आकडा उडी मारतो

सरपंचांना आणि पत्रकारांना एक गोष्ट जरूर माहीत असावी. समजा एखाद्या गावात वर्षाला ६० बाळं जन्मतात. ३० मुलगे, ३० मुली झाल्या तर प्रमाण १०००. पुढच्या वर्षी ३३ मुलगे आणि २७ मुली झाल्या तर प्रमाण ८१८. फक्त तीन बाळांचा फरक, आणि बातमी येते "गावात मुलींचं प्रमाण धोक्यात". त्याच्या पुढच्या वर्षी उलटं झालं, २७ मुलगे आणि ३३ मुली, तर प्रमाण १२२२, आणि गावाचा सत्कार! खरं तर तिन्ही वर्षं निव्वळ योगायोगानं घडू शकतात. इतक्या कमी जन्मांत एवढी वर-खाली होतेच. गावाला दोष द्यायचा किंवा हार घालायचा, तर निदान पाच वर्षांचे जन्म एकत्र करावेत, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राखालची सगळी गावं मिळून बघावं.

नमुना पाहणीतही हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ७०७ जिल्ह्यांत मिळून ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली गेली. जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबं. कोल्हापूर जिल्ह्यात आठ लाखांच्या आसपास कुटुंबं आहेत, मग ९०० घरांवरून जिल्ह्याचं कसं सांगणार, असं कुणी विचारतं. सांगता येतं, घरं नीट चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील तर. पाहणीत एखादी गोष्ट ४० टक्के निघाली, तर जिल्ह्यातलं खरं प्रमाण बहुधा ३७ ते ४३ च्या दरम्यान असतं. पाहणीत गावं निवडून त्यातली घरं घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात ही पट्टी आणखी थोडी रुंद होते.

मात्र तीच ९०० घरं बारा तालुक्यांत वाटली तर एका तालुक्याला ७५ येतात. तिथं ४० टक्के निघाले तर खरं प्रमाण २९ ते ५१ मध्ये कुठंही असू शकतं. अशा आकड्यांवरून भुदरगड पुढं आणि आजरा मागं असं ठरवणं म्हणजे दोन्ही तालुक्यांवर अन्याय. म्हणून या पाहणीतून तालुक्याचे आकडे काढतच नाहीत. जिल्ह्याच्या पत्रकात काही टक्केवाऱ्या कंसात छापलेल्या दिसतात आणि काही ठिकाणी नुसती चांदणी असते. कंस म्हणजे हा आकडा २५ ते ४९ जणांवरूनच काढलाय, जपून वापरा. चांदणी म्हणजे २५ पेक्षाही कमी जण होते, म्हणून आकडा दिलेलाच नाही. ही शुद्ध प्रामाणिकपणाची खूण आहे. पण बातमी होताना कंस गळून पडतो आणि आकडा छातीठोकपणे उभा राहतो.

मग तालुक्याचं, गावाचं कुठून कळणार? कचेऱ्यांच्या दैनंदिन नोंदींतून: अंगणवाडीतलं वजन-उंचीचं रजिस्टर, शाळेचा पट, आरोग्य केंद्राच्या नोंदी, जन्ममृत्यूची नोंदवही. यात गावातलं जवळजवळ प्रत्येक घर येतं, पण वेगळीच अडचण असते. जो आला त्याचीच नोंद होते. आणि ज्याच्या कामाचं मूल्यमापन आकड्यावर होतं, त्यालाच तो आकडा भरायचा असतो. कुपोषित मुलं जास्त दाखवली की अंगणवाडी ताईंनाच बोलणी बसत असतील, तर खरी संख्या कोण लिहील? शहाणपणाची वाट अशी, की पाहणीतून जिल्ह्याचं खरं चित्र घ्यावं, नोंदींतून गावांमधला फरक घ्यावा, आणि दोन्हींत फार अंतर दिसलं तर आधी ते अंतर का आहे याचा शोध घ्यावा.

आणि काही माणसं दोन्हींत सापडत नाहीत. गळीत हंगामात कोल्हापूरच्या कारखान्यांच्या परिसरात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या खोपी उभ्या असतात. त्यांची पोरं इथल्या पटावर नसतात आणि त्या महिन्यांत तिकडच्या शाळेतही नसतात. बाळंतीण झालेली बाई कुठल्या जिल्ह्याच्या खात्यात जाणार? "जिल्ह्यातली मुलं" म्हणताना या मुलांना धरलंय का, हा प्रश्न प्रत्येक अहवालाला विचारायला हवा.

निर्णय कुणाच्या हातात आहे, तिकडं तोंड करून लिहा

संशोधक मंडळींना आता थोडं. समजा चंदगड किंवा गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर पाहणी केली आणि असं निघालं, की आठवीनंतर बऱ्याच मुलींची शाळा सुटते. प्रबंधात हे "शैक्षणिक गळती आणि तिची सामाजिक-आर्थिक कारणे" म्हणून तीनशे पानांत जाईल. त्यानं पदवी मिळेल, पण मुलींची शाळा सुटायची थांबणार नाही.

तीच माहिती फोडून बघा. समजा घराघरांतून कळलं, की शाळा सुटते साडेपाचला आणि वाडीकडं जाणारी शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर पास काय कामाचा? आता हा निर्णय शिक्षणमंत्र्यांच्या हातात नाही, एसटीच्या आगार व्यवस्थापकांच्या हातात आहे. त्यांच्यासाठी अर्धं पान पुरे: कोणत्या मार्गावर, किती मुली, कोणत्या वेळी, गाडी किती मिनिटं उशिरा सोडली तर चालेल. मुख्याध्यापकांसाठी वेगळं अर्धं पान: गाडी बदलत नसेल तर वेळापत्रक बदलता येईल का. ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा. शिक्षणाधिकाऱ्यांसाठी तालुक्यातल्या अशा सगळ्या वाड्यांची यादी. आमदारांसाठी दोन ओळी, कारण त्यांना सभागृहात प्रश्न विचारायचा असतो. माहिती एकच, कागद पाच.

कागद कधी पोचतो यालाही तितकंच महत्त्व आहे. गावाच्या विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरतं. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा हिवाळ्यात ठरतो, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. उत्तम पाहणी एप्रिलमध्ये हातात पडली की ती एक वर्ष शिळी झालीच.

आणि मसुदा तयार असला की गोष्टी किती वेगानं हलतात, हे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं दाखवून दिलं. मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीनं विधवांच्या बाबतीतल्या कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव छोटा, स्पष्ट आणि जसाच्या तसा दुसऱ्या गावाला घेता येईल असा होता, म्हणून हे झालं. आता यापुढचं काम मोजण्याचं आहे. किती गावांनी ठराव केले, केलेल्या गावांत खरोखर काय बदललं, हे त्या बायकांना विचारूनच कळेल. एखाद्या महाविद्यालयाच्या समाजशास्त्र विभागाला दोन वर्षं पुरेल असं हे काम आहे.

मोजताना आणि सांगताना एक पथ्य मात्र कडक पाळायचं. गावात नाव न छापताही माणूस ओळखता येतो. "वय पस्तीस, विधवा, शिलाईकाम, दोन मुली" एवढं लिहिलं की गावाला बाई कोण ते कळलं. म्हणून पाचदहा जणांचा गट असेल तर तो मोठ्या गटात मिसळून सांगावा, गावाऐवजी तालुका लिहावा, आजार किंवा कर्ज असल्या माहितीत तर दुप्पट काळजी घ्यावी. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार तुमच्या घराची वैयक्तिक नोंद कुणाला पाहता येत नाही, ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. खासगी पाहणी करणाऱ्यानंही इतकाच भरवसा द्यायला हवा. "तुमची माहिती कुठं जाणार, आणि निष्कर्ष आम्हाला सांगायला परत कधी येणार?" हे दोन प्रश्न दारात उभ्या राहिलेल्या माणसाला विचारायचा प्रत्येक घराला हक्क आहे. परत येऊन ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखवले तर आणखी एक फायदा होतो. लोक चुका दाखवतात. "त्या वस्तीत तुम्ही दुपारी आला होता, तेव्हा सगळी रानात असतात," असं एखादी आजी सांगते आणि पाहणीतली मोठी खोट सापडते.

माहिती पडून कुठं आहे

जिल्हा सांख्यिकी कार्यालयाकडून ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ निघतं. लोकसंख्या, शेती, शाळा, दवाखाने, बँका, रस्ते, सगळं त्यात आहे, पुष्कळ तक्ते तालुकावार. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतं. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, मराठीतही असते. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या नमुना पाहण्यांची नावं काढलेली, घरागणिक माहिती संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना नोंदणी करून मोफत उतरवून घेता येते. सांख्यिकी शिकणाऱ्या मुलांनी परदेशातली तयार उदाहरणं सोडवण्यापेक्षा हीच माहिती वापरली, तर त्यांचा अभ्यास होईल आणि जिल्ह्याचंही काम होईल. कचेरीनं एखादा तक्ता द्यायला नकार दिला तर माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगावं. बरीच माहिती कुणी न मागताच जाहीर करायची असते, असं त्यात लिहिलंय.

येती जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे. तिचे गाववार आकडे येतील तेव्हा ताडून बघायला जुने आकडे हाताशी हवेत. २०११ च्या जनगणनेचा प्रत्येक गावाचा तक्ता आजही मिळतो: एकूण माणसं, शून्य ते सहा वयाची मुलं-मुली, साक्षर बायका-पुरुष, काम करणारे किती, त्यातले शेतमजूर किती. ग्रामपंचायतीनं हा तक्ता एका मोठ्या कागदावर उतरवून कार्यालयाच्या भिंतीवर लावावा, शेजारी २०२७ साठी रकाना मोकळा ठेवावा, आणि प्रत्येक ओळीपुढं ती ओळ बदलायची जबाबदारी कुणाची, ते पद लिहून ठेवावं.